तुमच्या व्हिलनला अडवलंय कोणी?

नव्या लेखकाने लिहिलेलं व्हिलनचं टिपण हातात आलं की पहिल्या पानावर हमखास त्याचं बालपण असतं. गाव जळालं, आई गेली, गुरूने दगा दिला. दुसऱ्या पानावर त्याची ताकद: अमर आहे, सैन्य आहे, मनातलं ओळखतो, आकाशातून आग पाडतो. आणि तिसऱ्या पानावर कळतं की हा एवढा सगळा माणूस एका सोळा वर्षांच्या मुलीच्या गळ्यातल्या लॉकेटच्या मागे लागलाय, आणि ते मिळवायला एका वेळी दोन-दोन शिपाई धाडतोय.

मी पुण्यात गेम्ससाठी कथा लिहिते, त्याआधी एकांकिका लिहायचे. अशी टिपणं माझ्याकडे बरीच येतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याला जे हवंय ते त्याने काल रात्रीच का नाही घेतलं?

नाटकात हा प्रश्न थोडा झाकता येतो. नट चांगला असला, प्रकाशयोजना बरी असली की प्रेक्षक म्हणतो, असेल बाबा मोठा माणूस. गेममध्ये तसं नाही. तिथे खेळणारा व्हिलनची ताकद स्वतःच्या हाताने मोजतो. त्याची हेल्थ किती, कुठल्या वारानंतर तो दम खायला थांबतो, त्याची माणसं किती बावळट आहेत, सगळं त्याला पाठ असतं. कटसीनमध्ये, म्हणजे गेममधल्या नुसत्या बघायच्या प्रसंगात, डोंगर फोडणारा इसम पुढच्याच मिनिटाला लाकडी खोक्यामागे लपलेल्या हिरोला शोधू शकत नसेल, तर खेळणारा कटसीनवर विश्वास ठेवत नाही, खोक्यावर ठेवतो.

म्हणून सुरुवात ताकदीपासून करा. एक कोरा कागद घ्या आणि व्हिलन काय काय करू शकतो ते फक्त क्रियापदांत लिहा. ‘बलाढ्य’, ‘क्रूर’, ‘सर्वज्ञ’ ही विशेषणं बाद. क्रियापद म्हणजे: दार बंद करतो, पगार थांबवतो, विष कालवतो, खोटं बोलतो, उडतो. मग प्रत्येक क्रियापदापुढे खूण करा की हे खेळणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडतं की नुसतं कोणीतरी सांगतं. जे नुसतं सांगितलं जातं ते निम्म्याहून जास्त निघालं, तर तुमच्याकडे व्हिलन नाही, व्हिलनची कीर्ती आहे.

२००७च्या ‘पोर्टल’ या गेममधली यंत्रबुद्धी ग्लॅडॉस या कागदावर फार छान उतरते. ती भिंती हलवते, बंदुकधारी यंत्रं सोडते, विषारी वायू सोडते आणि अखंड बोलते. तिला हातपाय नाहीत, तिची सत्ता त्या एका प्रयोगशाळेपुरती. आणि तिला हवं काय? प्रयोग चालू राहायला हवेत. प्रयोगाला जिवंत माणूस लागतो, म्हणून ती तुम्हाला शेवटच्या चाचणीपर्यंत जिवंत ठेवते आणि चाचण्या संपल्याबरोबर थेट आगीत ढकलायला निघते. तिने तुम्हाला आधी का मारलं नाही, हा प्रश्न कोणाला पडतच नाही.

यादी झाली की दुसरा कागद. यावर एकच वाक्य लिहायचं: ‘याच्याकडे एवढं सगळं असूनही त्याला अमुक मिळत नाही, कारण…’ हा ‘कारण’ म्हणजे तुमची कथा. बाकी सगळी सजावट.

याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर ‘मास इफेक्ट’च्या पहिल्या भागात आहे, तोही २००७चाच. सॉव्हरिन हे यंत्र-प्राणी मिळून झालेलं अजस्र जहाज, आकाशगंगेतल्या सगळ्या संस्कृती दर पन्नास हजार वर्षांनी खुडून टाकणाऱ्या जातीचं. असल्या राक्षसाला सेरन नावाचा एक हाडामांसाचा हस्तक कशाला लागतो? लेखकांनी हिशेब चोख मांडलाय. सिटॅडल नावाच्या अवकाशस्थानकावर कीपर नावाचे मुके कामगार असतात. सॉव्हरिनने संदेश पाठवायचा, कीपरनी दार उघडायचं, बाहेर थांबलेली त्याची सगळी जात आत यायची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था. पण मागच्या खेपेला खुडलेल्या प्रोथियन संस्कृतीतल्या, वाचलेल्या मूठभर शास्त्रज्ञांनी त्या संदेशात फेरफार करून ठेवला. आता सॉव्हरिन हाक मारतो आणि कीपर ढिम्म. एकट्याने सगळ्या आरमाराशी लढून आत घुसणं त्यालाही परवडणारं नाही. म्हणून आतून दार उघडणारा माणूस हवा, म्हणून सेरन, म्हणून सगळी कथा. त्याची ताकद एक कणही कमी केलेली नाही, फक्त किल्ली काढून घेतली आहे. (तिसऱ्या भागात, २०१२मध्ये, ही जात हे सगळं का करते याचं तत्त्वज्ञान शेवटच्या काही मिनिटांत सांगितलं गेलं आणि लोक भडकले. माझ्या मते हेतू पटला नाही हे नंतरचं, मुळात तो त्या क्षणी कोणाला नकोच होता.)

कधी व्हिलनला कोणीतरी धरून ठेवलेलं असतं. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मध्ये कॅलॅमिटी गॅनन किल्ल्यात बसून असतो, कारण राजकन्या झेल्डा शंभर वर्षं त्याला तिथे रोखून आहे. यामुळे तुम्ही सफरचंदं तोडत, कोंबड्या पळवत महिनाभर भटकलात तरी कथा खोटी पडत नाही. शिवाय सुरुवातीचं पठार सोडल्यावर थेट किल्ल्यावर जायची मुभा आहे. आधी चार दैवी यंत्रपशू मुक्त केलेत तर लढाईच्या आरंभीच गॅननची अर्धी हेल्थ उडते, नाहीतर त्याची चार पिल्लं आधी अंगावर येतात. त्याची ताकद किती, हे तुमच्या भटकंतीवर ठरतं आणि ते आकड्यात दिसतं.

आणि कधी व्हिलनला तुम्हाला मारायचंच नसतं. ‘फार क्राय ४’ (२०१४) मधला पेगन मिन किराट या काल्पनिक देशाचा हुकूमशहा आहे. अजय घाले आईच्या अस्थी घेऊन तिथे येतो, पेगन त्याला जेवणाच्या टेबलावर बसवतो, म्हणतो इथेच थांब, मी आलोच. बहुतेक सगळे खेळणारे तो गेला की लगेच उठून पळतात, कारण गेम म्हणजे पळायचं असतं. पण कोणी पंधरा-एक मिनिटं नुसतं बसून राहिलं, तर पेगन खरोखर परत येतो, अजयला अस्थी ठेवायच्या जागी घेऊन जातो आणि गेम संपतो. त्याचं अजयच्या आईवर प्रेम होतं. सगळा देश मुठीत असलेल्या माणसाने एका पोराला हजारदा जिवंत का सोडलं, याचं उत्तर पहिल्याच प्रसंगात टेबलावर वाढून ठेवलं होतं.

याच मालिकेच्या पाचव्या भागात (२०१८) मात्र शत्रू तुम्हाला पुन्हापुन्हा पकडतात, बांधतात, प्रवचन देतात आणि तुम्ही निसटता. पहिल्यांदा भीती वाटते. तिसऱ्यांदा वाटतं, अरे, याला दाराला कडी लावता येत नाही का? पकडून सोडणं हे फार महाग नाणं आहे. एका गेममध्ये एकदाच खर्चायचं, आणि सोडण्यामागे व्हिलनचा फायदा असायला हवा.

आता उलट बाजू. ताकद वाढली आणि हेतू तोच राहिला तरी गाडी रुळावरून घसरते. ‘फायनल फँटसी ६’ (१९९४) मधला केफ्का मी सगळ्यांना अभ्यासायला सांगते. पहिल्यांदा तो वाळवंटात भेटतो आणि बरोबरच्या शिपायांना म्हणतो, माझ्या बुटांवर वाळू आली आहे, पुसा. एवढीच त्याची सत्ता: दोन शिपाई आणि एक जोडी बूट. पुढे डोमा किल्ला पडत नाही म्हणून तो नदीत विष कालवतो, तेही वरचा सेनापती निघून गेल्यावर. सत्ता जरा वाढली, तर क्षुद्रपणाचा पल्लाही वाढला. मग तो सम्राटाला संपवतो, जगाचा तोल राखणाऱ्या देवतांच्या मूर्ती हलवतो, जगाची घडी मोडून टाकतो आणि देव होऊन मनोऱ्यावर बसतो. तिथून पुढे त्याला हवं असं काही उरतच नाही. गावं जाळत बसतो आणि त्याला कळत नाही की मोडणार हे ठाऊक असूनही लोक पुन्हा बांधतात कशाला. बूट पुसून घेणारा तो माणूस आणि हा देव यांच्यात एकही सांधा तुटलेला नाही. हाताला जेवढं लागलं तेवढंच त्याने मागितलं.

‘अंडरटेल’मधला फ्लावी (२०१५) याच जातीचा. वेळ मागे नेण्याची ताकद एकेकाळी त्याच्याकडे होती, म्हणून त्याने सगळ्यांशी चांगलं वागून पाहिलं, सगळ्यांना मारून पाहिलं, आणि शेवटी कंटाळला. सर्वशक्तिमान व्हिलनला ‘जगावर राज्य’ हा हेतू देऊ नका. ते त्याला आधीच मिळालंय. त्याला कंटाळा द्या, कुतूहल द्या, नाहीतर एखादी अशी गोष्ट द्या जी जबरदस्तीने मिळतच नाही.

ताकदीचा प्रकार मध्येच बदलणं ही याहून वाईट चूक, आणि ती मोठमोठ्यांकडून होते. ‘बायोशॉक’ (२००७) मधला फाँटेन हा ठग. अर्धा गेम तो ॲटलस बनून रेडिओवरून तुमच्याशी गोड बोलतो आणि एका सभ्य विनंतीच्या शब्दांनी तुम्हाला कळसूत्री बाहुलीसारखं नाचवतो. जीभ हीच त्याची ताकद. गेमच्या इतिहासातल्या सगळ्यात जबर कलाटण्यांपैकी एक यावर उभी आहे. आणि शेवटच्या लढाईत? तो ॲडम नावाचं शक्ती देणारं द्रव्य टोचून घेतो, पुतळ्यासारखा फुगतो आणि गुद्दे मारत अंगावर येतो. लढाई वाईट नाही, पण ती कोणाचीही असू शकली असती. ठगाची शेवटची लढाई ठगीचीच हवी: सूचना कोणाच्या मानायच्या, नकाशावरची खूण खरी की खोटी, अशी.

आता आपणच एक व्हिलन बनवू. विषय ओळखीचा घेऊ: पश्चिम महाराष्ट्रातलं गाव, सहकारी साखर कारखाना, चेअरमन आबासाहेब. नायिका मंजू, वडील वारलेले, दोन एकर ऊस, कारखान्याचा शेअर आईच्या नावावर.

असा गेम लिहायला घेतला की पहिल्या खर्ड्यात आबासाहेबांकडे दोनशे गुंड, चार काळ्या गाड्या आणि खिशात पोलीस ठाणं येतं. हेतू: मंजूची विहीर. ताकदीचा कागद काढा. दोनशे माणसं बाळगणारा इसम दोन एकरांच्या विहिरीसाठी स्वतः बांधावर येत नाही, आणि आलाच तर तिसऱ्या दिवशी विहीर त्याची असते. गेम दहा मिनिटांत संपायला हवा. तो आठ तास चालतोय म्हणजे आबासाहेब एकतर मठ्ठ आहेत किंवा लेखक.

गुंड काढून टाका. चेअरमनच्या हातात खरोखर काय असतं ते बघा. ऊसतोडणी टोळी कधी, कोणाच्या शेतात जाणार ते कारखाना ठरवतो. महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे, त्यामुळे दुसरा कारखाना हाकेच्या अंतरावर नसतो. तोड लांबली की उसाला तुरा येतो, आतून पोकळ पडायला लागतो, वजन घटतं. म्हणजे एका चिठ्ठीवर सही न करून हा माणूस एका घराचं वर्ष बुडवू शकतो. कोणावर हात उगारायची गरजच नाही. क्रियापद एकच: थांबवतो.

आता ‘कारण’. आबासाहेबांना काय मिळत नाही? सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. तोड थांबवता येते, मत हिसकावता येत नाही. आणि निवडणूक तोंडावर आहे. झालं, हेतू आणि ताकद एकमेकांत अडकले. ज्या हाताने तो मंजूच्या आईचा ऊस वाळवतोय, त्याच हाताने त्याला तिच्यापुढे नमस्कार करायचाय.

मग तो घरी येतो आणि एवढंच म्हणतो:

‘वहिनी, तुरा दिसतोय की तुमच्या उसाला. टोळी नाही आली अजून?’

टोळी का आली नाही हे त्याला माहीत आहे. त्याला माहीत आहे हे वहिनींना माहीत आहे. या वाक्याला ना पार्श्वसंगीत लागतं, ना डोळ्यांचा क्लोज-अप. निळू फुले पडद्यावर आवाज न चढवता घाबरवायचे ते याच जोरावर. ज्याच्या हातात खरंच काही असतं तो कमी बोलतो. तुमचा व्हिलन पाऊण पानाचं भाषण ठोकत असेल, तर बहुधा त्याच्या हातात गेमप्लेने काहीच दिलेलं नाही, आणि ती उणीव तुम्ही संवादाने भरताय.

गेमप्लेत हे असं बसवा. स्क्रीनच्या कोपऱ्यात वजनाचा आकडा, रोज थोडा उतरणारा. शेताच्या चित्रात हिरव्यावर हळूहळू पांढरे तुरे. मंजूपुढे वाटा: ऊस गुऱ्हाळावर घालायचा, लांबच्या कारखान्याकडे खटपट करायची, नाहीतर इतर सभासदांना फोडायचं. प्रत्येक वाटेवर आबासाहेबांचं ‘थांबवतो’ आडवं येतं: गुऱ्हाळवाल्याचाही ऊस याच कारखान्याला जातो, ट्रॅक्टरवाल्याचं बिल अडकलेलं आहे. पण दुसरीकडे, मंजूने चार घरं फोडली की आबासाहेबांना त्या घरांना मुकाट्याने टोळी द्यावी लागते, कारण मतं हवीत. त्यांच्या ताकदीची धार त्यांच्याच गरजेने बोथट होते, आणि हे खेळणाऱ्याला कोणी न सांगता कळतं.

बॉस फाइट, म्हणजे व्हिलनशी शेवटची मोठी लढाई, वार्षिक सर्वसाधारण सभेत. ज्यांनी अशी सभा पाहिली आहे त्यांना माहीत आहे: व्यासपीठावरून विषय वाचला जातो, आणि प्रश्न विचारायला कोणी उभं राहायच्या आत पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर!’ सुरू होतं. तेच आबासाहेबांचे वार. माइक बंद पडणं हा एक वार, पुढच्या रांगेचा गोंगाट हा दुसरा. मंजूने गेमभर जोडलेली माणसं मंडपात कुठे बसवली आहेत, यावर तिचा आवाज पोचणार की नाही ते ठरतं. एक गुद्दा नाही, आणि तरी लढाई याच माणसाशी आहे.

हे सगळं जमल्यावर कमजोरीकडे या. नव्या लेखकांना कमजोरी म्हणजे पाठीवरचा लाल चमकता ठिपका वाटतो. आपल्याकडे यावर शेकडो वर्षं काम झालेलं आहे. हिरण्यकश्यपूचा वर आठवा: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. हा वकिली मसुदा आहे आणि नरसिंह त्यातली पळवाट. कोड्यासारख्या बॉस फाइटसाठी उत्तम. रावणाचं वेगळं आहे. देव, दानव, यक्ष सगळ्यांपासून अभय मागताना त्याने माणसांचं नाव घेतलं नाही, कारण माणूस त्याच्या खिजगणतीतच नव्हता. फट त्याच्या गर्वातच आहे, आणि तो गर्वच त्याला सीतेपर्यंत घेऊन गेला. कथेसाठी मी नेहमी रावणाची फट निवडेन. आबासाहेबांची फट म्हणजे त्यांना वाटतं की अडलेला माणूस कधी सभेत उभा राहत नाही.

शिपाई दोन-दोन करून का येतात, हा गेमचा जुना आजार आहे. सोपे शत्रू आधी आणि अवघड नंतर, हे खेळाची गरज म्हणून ठेवावंच लागतं. ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ने (२०१२) याचं उत्तर व्हिलनच्या हेतूतच ठेवलं: परग्रहावरचे ईथरियल मानवजातीची परीक्षा घेत असतात, त्यांना एका विशिष्ट मानसिक शक्तीची जात हवी असते, म्हणून पेपर हळूहळू अवघड होतो. ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’ने (२०१४) तर उत्तर सिस्टिमलाच करायला लावलं. एखाद्या फुटकळ ऑर्कने, म्हणजे शत्रूच्या राक्षसी शिपायाने, तुम्हाला मारलं की त्याला बढती मिळते, ताकद वाढते, आणि पुढच्या भेटीत तो तुम्हाला ओळखून टोमणा मारतो. हेतू आणि ताकद एकाच क्षणी, तुमच्याच चुकीतून जन्मतात. या पद्धतीचं पेटंट वॉर्नर ब्रदर्सकडे आहे, तेव्हा जशीच्या तशी उचलायच्या भानगडीत पडू नका.

छोट्या टीमला हे सगळं करणं जमेलच असं नाही. मग व्हिलनला लांब ठेवा आणि नायिकेचा हेतू लहान आणि हाताला लागणारा करा. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’मध्ये (२०२०) असुरांचा राजा आभाळाएवढा आहे, पण राजीला तिचा भाऊ परत हवाय, बास. आपण तिच्या मागोमाग चालत राहतो आणि असुराच्या हिशेबाकडे फारसं लक्ष जात नाही.

शेवटी तपासणी. गेम खेळून झालेल्या माणसाला ‘व्हिलन आवडला का’ असं विचारू नका. आपल्याकडे लोक भिडेपोटी हो म्हणतात. त्याऐवजी विचारा, त्याला काय हवं होतं, आणि त्याला ते का मिळत नव्हतं? उत्तर देताना माणूस कटसीनमधली वाक्यं आठवून सांगत असेल, तर काम बाकी आहे. ‘अहो, त्याने माझी टोळी अडवली ना, पण मी पाटलांच्या घरची मतं फिरवल्यावर मऊ आला’, असं स्वतःच्या खेळण्यातून सांगत असेल, तर ती फाइल लॉक करा आणि आवाजाच्या रेकॉर्डिंगची तारीख घ्या. त्या दिवशी स्टुडिओत आबासाहेबांची पाणी पिऊन झाल्यावरची शांतताही रेकॉर्ड करून ठेवा, मिक्सिंगला लागते.